होडीच्या पोटातलं पाणी

ही हकीकत सांगायची मी आजवर टाळत आलो. नाक्यावरच्या हॉटेलात कुणी त्या होडीचा विषय काढला की गिऱ्हाईक वाट बघतंय असं म्हणून मी उठायचो. बायकोला सांगेन सांगेन म्हणत होतो, ती गेली. आता माझे हात कापतात, पाना धरवत नाही, पंप उघडायला कुणी बोलवत नाही. ज्या गोष्टीची भीती होती तीच उरली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिल्यानं कुणाचं भलं होईल असं मात्र मला वाटत नाही.

आमचं गाव पानशेतच्या पाण्याकाठी. मी जुनी अकरावी झालो, भोरला एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो आणि परत येऊन पंप, नळ, टाक्या यांची कामं करू लागलो. धरणाच्या कडेनं पुण्याच्या लोकांचे बंगले उठले तसं माझं काम वाढलं. गच्ची गळते, टाकी पाझरते, न्हाणीघराची भिंत ओली होते, बोलवा मिस्त्रीला. गळती हुडकायची आणि बंद करायची यात माझं नाव होतं. त्या नावाचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवतो.

एका बंगल्यात निवृत्त झालेले एक इंजिनिअर साहेब शनिवार-रविवारी येत. त्यांनी पुण्यात आपल्या मोटारीच्या शेडमध्ये स्वतः एक शिडाची होडी बांधली होती. प्लायवूडची, दोन माणसं आरामात बसतील एवढी. टेम्पोतून ती आणली तेव्हा गाव बघायला जमलं होतं. आठवडाभर होडीकडे कुणी बघायचं हा प्रश्न होता. साहेबांनी मला विचारलं आणि मी माझ्या दाजींचं नाव सुचवलं.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे मालक. हिर्डोशीचे. वरंधा घाटाच्या अलीकडच्या डोंगरात त्यांची भाताची चार खाचरं आणि वर उतारावर नाचणीचा तुकडा. एसटी आली तर आली, नाहीतर पायपीट. बहिणीला दम्याचा त्रास होता. चढावर तिला चार पावलांनी थांबावं लागायचं. पानशेतला सपाटीवर राहिली, दवाखाना जवळ असला, तर तिचे दिवस बरे जातील असं दाजींना वाटत होतं. साहेबांनी बंगल्यामागची खोली त्यांना राहायला दिली. होडीचं काम राहिलं तर खोली राहणार होती, आणि खोली राहिली तर बहिणीला चढ चढावा लागणार नव्हता. एवढं सगळं त्या होडीवर होतं.

कामही फार नव्हतं. होडीच्या मधोमध वाऱ्यानं ती आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची एक लाकडी पाटी होती, तिच्या खोबणीतून थोडं पाणी आत झिरपायचं. ते बसायच्या फळ्यांखालून वाहत मागच्या टोकाला गोळा व्हायचं. दाजींनी सकाळी डब्यानं ते उपसायचं. होडी काठावर घेतली की मागच्या फळीतलं रबरी बूच काढायचं, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. फळ्या स्क्रूनं बसवलेल्या होत्या, त्यांना हात लावायचा नाही. साहेबांनी हे दाजींना दोनदा करून दाखवलं. दाजींनी ते देवपूजेसारखं धरलं. सकाळी पाण्यात उतरायचे, डबाभर पाणी काढायचे, फडक्यानं टोक पुसायचे.

हॉटेलात त्यावरून चेष्टा व्हायची. "दाजी, धरण आटवताय का काय डब्याडब्यानं?"

दाजी म्हणायचे, "आटलं की तुमास्नीच बोलवतो गाळ काढाय."

डबाभर पाणी. माझ्या डोळ्यांना ते खुपायचं. गळती हुडकणाऱ्या माणसाच्या मेहुण्यानं रोज पाणी उपसत बसायचं, हे मला बरं दिसत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर साहेब मुलीकडे परदेशी गेले. दाजी आणि बहीण भात कापणीला हिर्डोशीला गेली. होडी मी बघतो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी स्क्रू काढून मी फळ्या उचलल्या.

खाली होडीच्या तळाला आडव्या फासळ्या होत्या, बैलगाडीच्या साट्याला असतात तशा. प्रत्येक फासळीत, अगदी तळाशी, कण्याला लागून एकेक भोक. अंगठा जाईल एवढं. सगळी एका रेषेत, आणि पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आरामात चाललेलं.

आमच्याकडे भाताच्या खाचराला बांध असतो आणि बांधाला खेकडे बिळं पाडतात. रात्रीतून खाचर रिकामं होतं आणि खालच्या खाचरातलं रोप वाहून जातं. लहानपणापासून आम्हाला एक शिकवलेलं असतं : बांधावरून चालताना बीळ दिसलं की वाकायचं, गवताचा बोळा कोंबायचा, वर चिखल थापून टाचेनं दाबायचं. विचार करायचा नाही. लाकडात खेकडा बीळ पाडत नाही हे मला कळत होतं. पण साहेबांनी होडी घरी बांधलेली, बोल्टांसाठी भोकं पाडली असतील आणि बोल्ट घालायचे राहिले असतील, असं मी मनाशी ठरवलं. मग हात आपोआप कामाला लागला. टाक्यांच्या फटी भरायला वापरायची पांढरी लांबी मळली आणि एकेक भोक दोन्ही बाजूंनी बुजवून अंगठ्यानं सारखं केलं. फळ्या बसवल्या, स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी मागचं टोक कोरडं होतं. तिसऱ्या दिवशीही कोरडं. मला इतका आनंद झाला होता की मी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. साहेब आल्यावर त्यांनाच आधी दाखवायचं होतं.

दाजी नवे तांदूळ घेऊन परत आले. डबा घेऊन होडीत उतरले आणि तसेच उभे राहिले.

"पाव्हणं, पाणी कुठं गेलं ओ?"

"माझा हात लागला ना."

"म्हंजी काय केलं?"

"ते मिस्त्रीचं काम आहे. साहेब आले की सांगीन."

"मंग आता माझं काय काम ऱ्हायलं?"

"बसून खा की. बहीण दिलीय तुम्हाला, एवढं तर करायलाच पाहिजे."

ते हसले. तरी डबा त्यांनी टाकला नाही. रोज जायचे, टोक कोरडं बघायचे, फडकं फिरवून यायचे.

पाणी कुठं गेलं होतं ते आता कुणालाही सांगता येईल. ते गेलंच नव्हतं. पाटीच्या खोबणीतून झिरपत होतं तसंच झिरपत होतं, फक्त मागे यायची वाट मी बंद केली होती. मधल्या कप्प्यांत, फळ्यांखाली, अंधारात ते साठत राहिलं.

पावसाच्या तोंडावर आम्ही चार जणांनी मिळून होडी काठावर ओढली. दाजी धापा टाकत म्हणाले, "पाव्हणं, ही हलकी व्हती न्हवं का?"

"लाकूड पाणी पितं," मी म्हणालो. तिथंही मला थांबता आलं असतं.

मागचं टोक खाली राहील अशी होडी ओंडक्यांवर टेकवली, वर ताडपत्री बांधली. दाजींनी बूच काढून खिशात ठेवलं आणि मागच्या भोकाखाली वीट मांडली, म्हणजे पाणी पडलं तर विटेवर डाग दिसेल. हा त्यांचा स्वतःचा विचार. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते इकडच्याला सांगायला नको. जिथं डोलकाठी उभी राहते तिथं ताडपत्रीला चीर गेली होती आणि तिथून सगळे चार महिने आत गळत राहिलं. वीट कोरडीच. दाजी येऊन वीट बघायचे आणि बहिणीला सांगायचे, होडी सुखात हाय.

साहेब दसरा झाल्यावर आले. वर्षभरानं होडी बघणार म्हणून उतावीळ झाले होते. ताडपत्री ओढली तसा वास आला, जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. साहेबांनी आत पाय टाकला आणि फळी दबली. त्यांनी माझ्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. स्क्रू गंजले होते, दोन तुटले. फळी उचलली तर फासळीच्या काठापर्यंत काळं पाणी, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तळाच्या प्लायवूडला त्यांनी बोट लावलं आणि त्याचे पापुद्रे बोटाला चिकटून वर आले. दुसरा कप्पाही तसाच. तिसराही तसाच.

मग त्यांना पांढरी लांबी दिसली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. माझ्या अंगठ्याचा ठसा तिथं तसाच होता, निदान मला तरी तो दिसत होता.

"ही भोकं कोणी बुजवली?"

आवाज चढलेला नव्हता. "ही मुद्दाम ठेवलेली असतात. पाणी कुठूनही आत आलं तरी भोकाभोकातून मागे यायला पाहिजे, म्हणून. तिथून ते काढता येतं. आत अडकलं की लाकूड संपलं." हे ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं.

मग त्यांनी दाजींकडे बघितलं. होडी दाजींच्या ताब्यात होती, दुसऱ्या कुणाकडे बघणार? आणि दाजींनी माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेत राग नव्हता. ते थांबले होते, एवढंच. त्यांना माहीत होतं की त्या दिवाळीत माझा हात लागला होता. मीच फुशारकीनं सांगितलं होतं. पुढचं बोलणं माझं आहे असं समजून ते वाट बघत उभे होते.

मला दिसत होते ते बाकीचे बंगले. गळतीच्या मिस्त्रीनं होडी सडवली हे एका शनिवारात सगळीकडे गेलं असतं. मी म्हणालो, "साहेब, दाजींनी चांगल्या हेतूनंच केलं असेल. ते शेतकरी माणूस आहेत, भोक दिसलं की बुजवायची सवय असते."

हे वाक्य मी आज लिहितानाही बदललेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की मी त्यांची बाजू घेतोय, असं ते वाक्य होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त माणूस दुसरा होता.

दाजींनी होडीकडे बघितलं. बायकोच्या भावाला परक्या माणसापुढं खोटा पाडायचा की नाही, हे ते ठरवत असावेत. मग म्हणाले, "झालं असंल माझ्याकडनं."

साहेबांनी ताडपत्री पुन्हा पांघरली आणि त्यांना सांगितलं, आता बघायला होडी राहिली नाही, तुम्ही घरी जा. त्यांनी शिवी दिली नाही, हिशोब चोख केला. ते वाईट माणूस नव्हते. पुढे ती होडी मोडायचं कामही त्यांनी मलाच दिलं आणि मी ते केलं.

खोली सोडायच्या दिवशी मी सामान बांधायला गेलो. बहीण भांडी पोत्यात भरत होती आणि तिचं तोंड चालू होतं.

"दादानं शब्द टाकून काम लावून दिलं, आन् ह्यांनी त्याचं नाक कापलं. सारं आयुष्य बांधाची बिळं बुजवण्यात गेलं, हितं तरी ध्यान ठेवायचं. एक बूच काढायचं काम, त्ये बी झालं न्हाई."

"बूच काढत हुतो गं," दाजी म्हणाले.

"मंग पाणी काय माझ्या म्हायेरनं आलं?"

दाजी वळकटीला दोरी आवळत होते. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. "म्हायेरनं" म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं, हसवायला. मी हसलो. त्यांनी गाठ मारली आणि वळकटी खांद्यावर घेतली.

दुसऱ्या एका बंगल्यावर राखणदाराची जागा होती. तिथं दाजींचं नाव निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, तेच ना, होडी सडवणारे. ते लोक मला विचारायला आले. मी म्हणालो, माणूस चांगला आहे. त्याहून जास्त काही म्हणालो नाही.

त्यानंतर मी हिर्डोशीला बऱ्याच वेळा गेलो. डोंगर ओलांडून वेल्ह्याला, तिथून भोरला, आणि भोरच्या स्टँडवर हिर्डोशीच्या गाडीची वाट बघत बसायचं. तेवढ्या वेळात मी सगळी वाक्यं जुळवायचो. घरी पोचलो की बहीण धापा टाकत पाणी घेऊन यायची, आणि तिची ती धाप ऐकली की माझी वाक्यं जायची. सांगितलं तर ती कुणाकडे बघेल, हे मला डोळ्यांपुढे दिसायचं. ती नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत होडी ऐकवायची. मडकं गळलं, होडी. गोठ्यात पाणी शिरलं, होडी. पावण्यारावळ्यांपुढंसुद्धा. दाजी सुरुवातीला "काढत हुतो" म्हणायचे, पुढं तेही म्हणेनासे झाले.

एकदाच आम्ही दोघंच होतो. लावणी होऊन गेलेली, ते बांधावर वाकून खेकड्याचं बीळ बुजवत होते. मी वरून बघत उभा होतो. टाचेनं चिखल दाबून ते सरळ झाले आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं बुजवल्यालं चालतं."

यापेक्षा उघडं दार कुणी कुणाला ठेवत नाही. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, मला वेळ दिला. मी म्हणालो, "यंदा पाऊस धरून पडतोय."

"पडतोय की," ते म्हणाले, आणि पुढच्या खाचराकडे गेले.

नंतर काही वर्षांनी त्यांची आठवण जायला लागली. आधी गुरांची नावं, मग वाटा. नाचणीच्या तुकड्याकडे निघायचे आणि फाट्यावर जाऊन बसायचे. बहिणीनं मोबाईलवरून कळवलं, दादा, तुला वळखतात तवर येऊन जा. मी गेलो. ओसरीवर गोधडी अंथरून त्यांना बसवलं होतं. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"पाव्हणं आलं. च्या ठेव गं."

बहीण आत गेली. मी जवळ सरकलो. आज सांगून टाकायचंच असं ठरवून आलो होतो, आणि ती चहा आणेपर्यंत तेवढा वेळ होता. तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला. हात हलका झाला होता, कातडं सैल.

"पाव्हणं, एक बोलायचं हुतं. तुमी मला कामाला लावलं आन् माझ्या हातनं होडी सडली. बूच काढायचं इसारलो म्या."

"नाही दाजी."

"ऐका तर. त्या सायबापुढं तुमी माझी बाजू घेतली. चांगल्या मनानं केलं म्हनालात. दुसरं कुनी न्हाई बोललं. त्ये म्या इसारलो न्हाई. माफी करा मला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा असता तर बरं झालं असतं. बांधावर बोललेला माणूस त्या डोळ्यांत कुठं उरलाय का ते मी शोधत होतो. तो नव्हता. बायको इतकी वर्षं जे म्हणत आली तेच त्यांना आठवत होतं, आणि माझं ते वाक्य आठवत होतं. बाकीचं सगळं वाहून गेलं होतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, लहान मूल बघतं तसे, आणि हाताची पकड घट्ट करत होते.

मी म्हणालो, "असू द्या दाजी. झालं गेलं."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी हात सोडला. बहीण चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणाले, "पाव्हण्यानं माफ केलं बग मला."

"दादा हाय म्हनून," ती म्हणाली.

तो चहा मी प्यालो.

त्या पावसाळ्यात ते गेले. घाटात दरड आलेली, गाडी बंद. मी पोचलो तोवर सगळं आवरलं होतं. दहाव्याला बहीण माझ्याशेजारी बसली होती. रडून झाल्यावर म्हणाली, "मानूस गरीब हुता रे दादा. पर तेवढी एक होडी सांबाळली असती, तर मी हितं डोंगरात मरत पडले नसते."

ती अजून आहे. तिला हे सांगता येईल, पण सांगून तिला काय देणार? तिनं आयुष्यभर ज्याला बोल लावला तो निर्दोष होता, आणि ते ऐकायला तो आता नाही, हे या वयात तिच्या पदरात टाकायचं? की न सांगता तिनं त्याला मरेपर्यंत दोष देत राहायचं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. दोन्हीकडे मला तीच ओसरीवर एकटी बसलेली दिसते. तिला वाचता येत नाही. हे लिहितानाही मी ते धरूनच चाललो आहे, म्हणजे अजूनही मी सुधारलेलो नाही.

जे बोलायचं होतं ते फार नव्हतं. भोरच्या स्टँडवर बसून इतक्या वेळा जुळवलेलं आहे की पाठ आहे. दाजी, होडीतली भोकं मी बुजवली. तुम्ही बूच काढलं होतं, मला माहीत होतं. साहेबांपुढं मी तुमची बाजू घेतली नाही, मी तुम्हाला पुढं केलं. तुमच्याकडून काही चुकलं नाही. मला माफ करा.